मुकादमीण

४ सप्टेंबर

धाकटे,

तू रागावलेली आहेस हे ठाऊक असूनही लिहायला बसले आहे. तुमच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात फोन केला की तिथली बाई दर वेळी म्हणते, "पेशंट झोपल्यात." ऐन जेवणाच्या वेळी? बरं, नको येऊस फोनवर. तुला तिथे ठेवायचं हे मी आणि डॉक्टरांनी ठरवलं, तू दाराची चौकट धरून नाही नाही म्हणत असताना ठरवलं, आणि उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा ठरवीन. त्यावरून भांडायचं असेल तर छाती साफ करून ये आणि पोटभर भांड. तोवर पत्र वाचायला तुझं काय जातंय?

तुझी बुटकी छान आहे. समोरचा दात पडला. आता 'स' म्हणायला गेली की शिट्टी वाजते, म्हणून मुद्दाम 'स'चेच शब्द शोधून बोलते. मी गणवेशाचं कापड कापायला बसले की खडू घेऊन शेजारी बसते आणि उरलेल्या तुकड्यांवर तुझी चित्रं काढते. प्रत्येक चित्रात तू खाटेवर उभी असतेस. मी म्हटलं, "अगं, आई आडवी असते." तर म्हणाली, "आडवी काढली तर ती आजारी दिसेल."

तुझ्या दर्यावर्दी नवऱ्याचा फोन आला होता. जहाज कुठल्याशा बंदरात लागलं होतं. आवाज असा येत होता, जणू ते बादलीत तोंड घालून बोलत होते. तुझी विचारपूस केली, लेकीशी बोलले.

परसातली कोंबड्यांची मंडळीही ठीक. नव्या तीन तलंगा आणल्या आहेत, अजून अंड्यावर यायच्या आहेत. बुटकीने हट्ट धरला होता, आणि मलाही वाटलं, तिचा जीव रमेल. जुन्यांना ते फारसं रुचलेलं नाही. तुझी मुकादमीण तर तुला माहीतच आहे. आधीही सगळ्यांवर हुकूम चालवायची, आता पाहुण्या आल्यामुळे जास्तच चेव चढलाय. खाद्याच्या भांड्यापाशी उभी राहते आणि एकेकीला हाकलते. चालायचंच. चार दिवसांत निवळेल.

बुटकी हल्ली परसातल्या संडासाला एकटी जात नाही, मला सोबत नेते. तू नाहीस म्हणून लाडात आली असेल. माझ्या पोटरीला जरा लागलंय, मशीनचं पायडल घासलं. काही विशेष नाही.

औषध वेळेवर घे. खिडकी उघडी ठेवू देतात का?

तुझी ताई


१५ सप्टेंबर

धाकटे,

उत्तर नाही. असू दे.

आज अक्षर वाकडं आलं तर समजून घे. सकाळी कोंबड्या सोडल्या आणि बघते तर भिजकी दिसेना. भिजकी म्हणजे नव्या तिघींतली सगळ्यात बारकी. अंगाला पिसं अशी चिकटलेली असतात, की नेहमी आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी वाटते, म्हणून बुटकीने ते नाव ठेवलं. शोधलं तर ती खुराड्याच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात डोकं खुपसून उभी. पाठीवर पिसं नव्हती. नुसतं लाल. आणि मुकादमीण तिच्या पाठीवर चढून, शांतपणे, अगदी आपण तुरपाई करतो तशी, टोच टोच टोच.

मी ओरडले. तिने मान वर केली, माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं, आणि पुन्हा टोचायला लागली.

धाकटे, कोंबडीला काय घाबरायचं, असं तू म्हणशील. मीही आजवर असंच म्हणत आले. पण तिचं टोचणं एक वेळ समजू शकते. बाकीच्यांनी जे केलं, ते नाही. रक्त दिसलं तशा सगळ्या धावल्या. काळी आली. भिजकीबरोबर आलेल्या दोघी आल्या, कालपर्यंत तिला चिकटून झोपणाऱ्या. आणि आपली ती लंगडी, जिला आजवर कुणी भांड्यापाशी उभं केलं नाही, तीसुद्धा खुरडत आली आणि तिने दोन टोचे मारून घेतले. भिजकी ओरडतही नव्हती. मी झाडूने सगळ्यांना पांगवलं, तिला उचललं आणि आत आले.

आता ती शिवणाच्या खोलीत बांबूच्या डालग्याखाली आहे. जखमेला जांभळं औषध लावलंय. औषधवाला म्हणाला, लाल रंग झाकला की बाकीच्यांचं लक्ष जात नाही. बुटकी डालग्यापाशी पालथी पडून तिला गोष्टी सांगते.

पलीकडच्या सुतारभाऊंनी भिंतीवरून सगळं बघितलं होतं. म्हणाले, "ताई, तुमची ती थोरली सुधारायची नाही. एकदा चटक लागली की सुटत नाही. माझ्याकडे द्या. तुम्ही आत जाऊन मशीन चालवा. आवाजही येणार नाही."

मी म्हटलं, "अंडी देते हो ती."

"अंडी दुकानातही मिळतात."

"नको."

"का?"

मी आत निघून आले. तूही विचारू नकोस.

पोटरीचं पायडलने झालेलं नाही. तिनेच फोडली. मी पाठमोरी होते.

बुटकी ठीक आहे. तिला मी परसात फिरकू देत नाही.

तुझी ताई


२३ सप्टेंबर

धाकटे,

घाईत लिहिते आहे. शाळेच्या गणवेशांची थप्पी पडली आहे, आणि मध्ये दोन दिवस गावात जाण्यात गेले. किरकोळ काम होतं.

बुटकी बरी आहे. जरा खरचटलंय तिला, मुलंच ती. शाळेत पाठवत नाही सध्या, धूळ फार असते ना. दर तासाला औषध घालायचं म्हणजे मशीनवर नीट बसणंच होत नाही. म्हणजे सर्दीचं औषध. जेवते. झोप थोडी कमी आहे. कुशीवर झोपायचं नाही म्हटलं की त्याच कुशीवर वळते, तुझीच लेक.

भिजकीची जखम भरते आहे. मुकादमीण जागच्या जागी आहे.

तू नीट जेव. माझी काळजी करू नकोस, म्हणजे आमची.

तुझी ताई

*आई मी डाव्या डोळ्यावर पट्टी आहे तरी चित्र काढलं. मावशी म्हणाली सांगायचं नाही म्हणून मी सांगत नाही. तू खाटेवर उभी आहेस.*


३० सप्टेंबर

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. इतक्या दिवसांनी अक्षर दिसलं आणि तेही एवढंच: "पोरीच्या डोळ्याला काय झालंय? खरं लिही, नाहीतर मी इथून चालत निघते."

तुला कळलं कसं, हे मला अर्धा तास उमगेना. मग बुटकीला विचारलं. ती म्हणाली, "मी फक्त चित्राबद्दल लिहिलं." त्या दिवशी गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठले होते, आणि पाकीट मीच चिकटवते म्हणून ती हटून बसली होती. तिच्यावर रागावले नाही. कुठल्या तोंडाने रागावणार?

चालत निघू नकोस. सगळं लिहिते. काही गाळत नाही.

वीस तारखेला दुपारी मी बाह्या जोडत होते. मागचं दार कडी लावून बंद होतं. भिजकी डालग्याखाली कंटाळली होती, फडफड करायची. बुटकीला वाटलं, तिला जरा ऊन दाखवावं. स्टूल ओढून तिने कडी काढली आणि भिजकीला छातीशी धरून परसात गेली. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. ऐकू आली ती किंकाळी, आणि तीही बुटकीची आहे हे मला आधी कळलंच नाही. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मुकादमीण भिजकीवर झेपावली होती. बुटकीने भिजकीला सोडलं नाही. उलट आणखी वर उचललं, तोंडापाशी. मी पोचले तेव्हा ती दोन्ही हातांनी भिजकीला धरून उभी होती आणि डाव्या डोळ्यातून रक्त गालावर उतरत होतं. हात मोकळे नव्हते म्हणून तिला डोळाही झाकता आला नव्हता. आणि बाकीच्या कोंबड्या, धाकटे, त्या तिच्याकडे बघत होत्या. माना वाकड्या करून. मला वाटलं, आता या सगळ्या येणार. मी तिला उचललं आणि पळाले. पायात चप्पल नव्हती हे दवाखान्यात गेल्यावर कळलं. सुतारभाऊंनी टेम्पो काढला.

डोळ्याचे डॉक्टर बोलायला बरे आहेत, पण फार थोडं बोलतात. खालची पापणी फाटली होती, तिला टाके घातले. बुबुळावर चोचीचा ओरखडा आहे. ते म्हणाले, "जखमेची तेवढी भीती नाही. चोच घाण असते. आत जंतू धरले तर अवघड." मी विचारलं, अवघड म्हणजे काय? ते म्हणाले, "थेंब दर तासाला. चुकवू नका." थेंबांसाठी पट्टी सरकवली तरी सुजलेली पापणी जेमतेम उघडते, म्हणून मी आधी मनगट तिच्या कपाळावर टेकवते. ती म्हणते, "मावशी, तुझा हात थंड आहे. बरं वाटतं." भीतीने थंड पडलेला असतो, हे तिला कशाला सांगू?

घरी आणलं त्या संध्याकाळी मी सुतारभाऊंना हाक मारली. म्हटलं, आता या. ते आले. मी स्वतः परसात गेले आणि मुकादमिणीला धरलं. तिने माझं मनगट फोडलं तरी सोडली नाही. तिची छाती माझ्या हातात धडधडत होती, इतक्या जोरात, की ती कुणाला घाबरली असेल असं मला प्रथमच वाटलं. सुतारभाऊ म्हणाले, "द्या इकडे."

माझ्या हातून देववेना.

ते म्हणाले, "पोरीचा डोळा फोडलाय तिने, ताई!"

मागच्या दारात बुटकी उभी होती. पट्टी बांधलेली, पायात दोन वेगवेगळे मोजे. म्हणाली, "मावशी, ती आईची आहे ना? आईने तिला अंड्यातून काढलंय. ती मेली तरी आई येईल ना परत?"

धाकटे, हेच. 'नको' का म्हणत होते, ते हेच. तू नसताना तुझ्या हातचं काहीही मरायला नको, एवढंच माझ्या मनात बसलं होतं. तुझी कुंडीतली तुळतुळीत पानांची वेलसुद्धा मी दिवसातून दोनदा बघते, पान पिवळं पडलं की लगेच खुडून टाकते. मी शहाणी बाई आहे, मापं घेते, हिशोबाने कापते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण तुला घेऊन गेले त्या दिवसापासून मी कशाकशाला घाबरते ते तुला सांगितलं तर तू हसशील. ते पोरीच्या तोंडून ऐकलं आणि मी मुकादमिणीला घेऊन मागे सरले.

सुतारभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग निदान पिंजरा तरी करतो."

आता मुकादमीण त्यांच्या शेडमध्ये आहे, लाकडाच्या भुशावर, जाळीच्या पिंजऱ्यात. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, तिला इतरांपासून वेगळं ठेवा. इतरांना ती दिसता कामा नये आणि तिला इतर. तिच्यामागे बाकीच्या आपापली उतरंड नव्याने लावतील. मग परत सोडलीत तर ती नवखी होऊन येईल, सगळ्यात खाली. "जमलं तर जमलं," म्हणाल्या. "नाही जमलं तर सुतार आहेतच." खुराडं लहान आणि कोंबड्या जास्त, खाद्याचं भांडंही एकच, त्यावरूनही त्या मला चार शब्द बोलल्या.

पट्टी पाच तारखेला काढणार आहेत. तेव्हा कळेल. तोवर काही विचारू नकोस, मलाही ठाऊक नाही. थेंब एकदाही चुकवलेले नाहीत.

मी असते तिथे तुझी लेक असते. एवढं मात्र खरं आहे, शब्द देते.

ताई


६ ऑक्टोबर

धाकटे,

दिसतंय.

आधी हे लिहिलं, आता बाकीचं. पट्टी काढताना डॉक्टरांनी खोलीतला दिवा बारीक केला. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी बुटकीचा उजवा डोळा झाकला आणि बोटं वर केली. ती काही बोलेना. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "किती बोटं?" ती गप्पच. मला वाटलं, संपलं.

मग ती म्हणाली, "तुमचं एक नख काळं आहे."

डॉक्टर हसले. म्हणाले, "दारात सापडलं होतं." मी तिथे खुर्चीवर बसून रडले, आणि तुझी लेक डॉक्टरांना म्हणाली, "मावशी अशीच करते."

सगळं पूर्ववत झालं, असं नाही. बुबुळावर बारीक पांढरट डाग राहिलाय. उजेडात थोडं धूसर दिसतं असं ती म्हणते. वाढत्या वयात कमी होईल, कदाचित नाही होणार, असं ते म्हणाले. चष्मा लागेल. आणि पापणीवर व्रण आहे, डोळ्याच्या कोपऱ्यापासून खाली. मी टाके रोज बघते. माझ्यापेक्षा सरळ घातलेत.

घरी आले तर तुझं दुसरं पत्र. ते मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग बुटकीला वाचून दाखवलं, फक्त शिवी गाळली. "ताई, माझा जीव कोंबडीच्या पिसात नाही, फुप्फुसात आहे, आणि ती कशी चालली आहेत ते इथले डॉक्टर रोज नळी लावून ऐकतात. वजन वाढलंय. खोकला कमी आहे. कोंबडी कापायची तर काप, ठेवायची तर ठेव, पण माझ्या नावाने घाबरत बसू नकोस. मला इथे एकटीला घाबरायला पुरेसं आहे." हे शेवटचं वाक्य तू लिहून खोडलं होतंस. खोडलेलंही वाचता येतं, मी आयुष्यभर उसवलेल्या शिवणी वाचत आले आहे.

तूही घाबरतेस, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तू रागावलेली आहेस, एवढंच मी धरून बसले होते.

मग मी बुटकीला विचारलं, "आईने सांगितलंय, काही होत नाही. आता मुकादमिणीचं काय करायचं?"

"मारू नको," म्हणाली. "पण मला ती आवडत नाही."

"मलाही नाही आवडत."

"आणि आवडायला पाहिजे असं नाही ना?"

"मुळीच नाही," मी म्हटलं. तेवढ्यावर ती झोपी गेली, त्याच कुशीवर.

ताई


१९ ऑक्टोबर

धाकटे,

मुकादमिणीला परत सोडलं. भीती होतीच. सुतारभाऊंनी खुराडं वाढवून दिलंय, बसायच्या दांड्या दोन वाढवल्यात, भांडी तीन ठेवली आहेत, एकमेकांपासून लांब. भिजकी आधीच सगळ्यांत मिसळली आहे, पाठीवर नवी पिसं आलीत. आता अंगाला चिकटत नाहीत, पण नाव चिकटलंय.

पिंजरा परसात आणून त्याचं दार उघडलं तेव्हा मी बादलीभर पाणी घेऊन उभी होते, म्हणजे काही झालं तर ओतायला. सुतारभाऊ भिंतीपलीकडे गोणपाट घेऊन. बुटकी आतून खिडकीच्या गजांतून बघत होती. मुकादमीण बाहेर आली, छाती काढून, सरळ जुन्या भांड्याकडे निघाली. तिथे काळी होती. काळीने मान ताठ केली आणि तिच्या तुऱ्यावर अशी चोच मारली की मीच दचकले. मुकादमीण थांबली. तिला काही समजलंच नाही. पुन्हा पुढे गेली, पुन्हा चोच बसली. मग दुसरी आली, तिसरी आली. तुऱ्यातून रक्ताचा थेंब निघाला आणि माझ्या हातातली बादली डचमळली. मला वाटलं, आता तेच सुरू होणार, फक्त मधे ती असणार. मी ओतायला पुढे झाले तर सुतारभाऊ म्हणाले, "थांबा ताई, थांबा जरा." ती पळाली. धुण्याच्या दगडामागे जाऊन बसली. कुणी तिच्या मागे गेलं नाही.

खिडकीतून बुटकी म्हणाली, "बरं झालं." असं म्हणाली, धाकटे, दात आवळून, की मी वळून बघितलं. तिला रागावले नाही. तिचा हक्क आहे.

मी तुऱ्याला जांभळं औषध लावलं. त्या वेळी तिने मला टोचलं नाही. आता ती सगळ्यात शेवटी खाते, कोपऱ्यातल्या भांड्यात. कधी कधी लंगडीला मारायला जाते, मग काळीने बघितलं की नुसतंच जमिनीवर काहीतरी शोधल्यासारखं करते. गोडगुलाबी झालेली नाही. होणारही नाही. मी तिच्याकडे पाठ करत नाही.

बुटकीचं म्हणशील तर ती अजून परसात पाय टाकत नव्हती. फडफड ऐकली की माझ्या मांडीत शिरते. झोपेत दोनदा ओरडली. शेवटी सुतारभाऊंनी मागच्या दारापासून संडासापर्यंत दोन्ही बाजूंना जाळी ठोकली, वरूनही, आणि मधून वाट ठेवली. कोंबड्या मोकळ्या आणि आम्ही पिंजऱ्यातून चालतो. शेजारीपाजारी हसतात. हसू देत. परवा ती त्या वाटेने पहिल्यांदा एकटी गेली. मला दारातून हलू दिलं नाही. मुकादमीण जाळीला येऊन उभी राहिली, बुटकी मधेच थबकली, दोघी एकमेकींकडे बघत होत्या. मग बुटकी तिला म्हणाली, "सरक." ती सरकली नाही. बुटकी तिच्याकडे बघत बघत, पलीकडच्या जाळीच्या बाजूने अंग चोरून गेली आणि आली. येऊन माझ्या कमरेला मिठी मारली. तिचं सगळं अंग कापत होतं. "गेले ना मी?" म्हणाली. "गेलीस," म्हटलं.

आता मुद्द्याचं. तुमच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला होता. तू त्यांना करायला लावलास, हेही त्यांनीच सांगितलं. रविवारी भेटायला परवानगी मिळाली आहे, मुलीला घेऊन, बागेत, अंतर ठेवून. आम्ही सकाळच्या बसने निघतो.

एक सांगून ठेवते. बुटकी दोन दिवस आरशासमोर उभी राहून काहीतरी करत होती. आधी मला वाटलं, दात बघतेय. मग लक्षात आलं, ती उभं राहायचा सराव करते आहे. मान थोडी वळवून, डावा गाल पलीकडे जाईल अशी. मला म्हणाली, "मी आईच्या या बाजूला उभी राहीन, म्हणजे तिला दिसणार नाही. ती घाबरली तर तिला खोकला येईल."

तेव्हा ती उभी राहील तशी राहू दे. तुझी जागा बदलू नकोस, तिला वळवू नकोस, आणि माझ्याकडे बघून डोळे पुसू नकोस. तिला खूप बोलायचंय, बोलू दे. बोलता बोलता ती विसरेल आणि आपणहून तुझ्याकडे तोंड करील. तेव्हा बघ. नीट बघ, सावकाश.

तुझी ताई